‘अबोला’ नव्हे, ‘वाळीत’

गेल्या हिवाळ्यात माझ्या एका अनुवादाची तपासलेली पानं परत आली. पुस्तक अजून छापून व्हायचं आहे, म्हणून त्याचं नाव सांगत नाही. कथानक साधं आहे. शाळेतल्या पाच मुली, त्यांतली एक म्होरकी. ती म्हणेल त्या दिवशी, ती म्हणेल त्या मुलीशी बाकीच्यांनी बोलायचं नाही, डबा वाटून खायचा नाही, शेजारी बसू द्यायचं नाही. पुस्तकाच्या मध्यावर ही म्होरकी मरते. उरलेल्या चौघी मात्र पुढची कित्येक पानं तिच्याच हुकमात राहतात. काय घालायचं, कोणाला हसायचं, कोणाला माफ करायचं, हे प्रत्येक वेळी त्या मनातल्या मनात तिला विचारून घेतात.

एका प्रसंगी मी लिहिलं होतं : ‘त्यांनी तिला वाळीत टाकलं.’ संपादकांनी ते खोडून केलं : ‘त्यांनी तिच्याशी अबोला धरला.’ बाजूला टीप होती : ‘शाळकरी मुलींच्या संदर्भात ‘वाळीत’ फार जड होतं. शिवाय त्याला जातपंचायतीचा वास येतो.’

मला तोच वास हवा होता.

हा एका शब्दाचा वाद आहे आणि अनुवादकाचे असे वाद रोजचेच असतात. बहुतेक वेळा मी हार मानते, कारण संपादकांचंही काही चुकत नसतं. या वेळी मानणार नाही. ‘वाळीत’च्या जागी ‘अबोला’ घालण्यामागे मराठी साहित्यव्यवहाराची एक जुनी खोड आहे, असं माझं म्हणणं आहे. मुलींनी मुलींवर गाजवलेली सत्ता आपल्याला सत्ता म्हणून बघवत नाही. ती दिसली की आपण तिच्यावर पटकन एक मऊ शब्द पांघरतो. आणि ज्यांनी ती सोसली त्या मुली आयुष्यभर त्या आठवणीशी बिनशब्दांच्या झगडत राहतात.

आधी व्याकरण बघू. ‘तिच्याशी अबोला’ यातला ‘शी’ प्रत्यय तिला भागीदार करतो. अबोला दोघींमधला असतो, त्यात रुसवा असतो, आज ना उद्या कोणीतरी हसून बोलणार ही खात्री असते. नवरा-बायकोत अबोला असतो, जावाजावांत असतो. ‘तिला वाळीत टाकलं’ यातला ‘ला’ तिला कर्म करतो. टाकणारे अनेक, टाकलेली एकटी. टाकणाऱ्यांना हुकूम आलेला असतो, आणि तो मोडला तर पुढची पाळी आपली हे प्रत्येकीला ठाऊक असतं. मूळ प्रसंगात हेच घडतं. रुसलेलं तिथे कोणीच नव्हतं. तिघी घाबरलेल्या होत्या आणि एक मजेत होती.

‘मग गट्टी-कट्टी म्हणा की,’ असं एका मित्रानं सुचवलं. कट्टीला निदान विधी असतो, तोंडावर सांगावं लागतं. वाळीत टाकलेल्या मुलीला कोणी सांगत नाही. ती सकाळी बसमध्ये चढते आणि तिला कळतं.

माझी भाची नोएडात शिकते, नववीत आहे. गेल्या पावसाळ्यात ती तीन आठवडे गप्प होती. शेवटी म्हणाली, ‘मावशी, तसं काही झालं नाही. त्यांनी फक्त नवीन ग्रुप केला.’ जुना ग्रुप फोनवर तसाच होता, त्यात ती होती, पण त्यात आता कोणी काही लिहीत नव्हतं. ‘इग्नोर मारलं’ हा तिच्याजवळचा एकमेव शब्द. तिची आई म्हणाली, ‘अगं, मैत्रिणींत होतंच असं.’ माझ्या संपादकांनी केलं तेच तिच्या आईनं केलं, तितक्याच सदिच्छेनं. पुढे ज्या मुलीनं हे घडवून आणलं होतं तिनं शाळा बदलली. तरीही माझी भाची केस कापायच्या आधी आरशात बघत म्हणाली, ‘ती म्हणाली असती, चेहरा बटाट्यासारखा दिसतो.’ ती मुलगी आता चाळीस किलोमीटर लांब, गुरुग्रामच्या पलीकडे राहते.

आपल्याला हा शब्द सुचू नये याला इतिहासही कारणीभूत आहे. शाळकरी वयाच्या, लग्न न झालेल्या मुलींचा स्वतंत्र घोळका ही मराठी समाजात फार जुनी गोष्ट नाही. पुण्यात हुजूरपागा सुरू झाली १८८४ साली, कर्व्यांचं महिला विद्यालय १९०७ साली. मुलीच्या लग्नाचं किमान वय कायद्यानं चौदा ठरवणारा सारडा कायदा १९२९ चा. त्याआधी बहुसंख्य मुलींना मैत्रिणींच्या राज्यात राहायला वेळच नव्हता. त्या थेट सासूच्या राज्यात जात. म्हणून लोकपरंपरेत बाईवर सत्ता गाजवणारी बाई नात्यातूनच येते. ती सासू असते, नणंद असते, जाऊ किंवा सवत असते. भुतांचंही तसंच. मुंज होऊन लग्नाआधी मेलेल्या मुलाचा मुंजा होतो, बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते, असं मानतात. त्या वर्गवारीत मैत्रिणीला जागा नाही.

पण परंपरा मऊ होती असं मात्र कोणी सांगू नये. २०२५ च्या फेब्रुवारीत इथे दिल्लीत, तालकटोरा स्टेडियममध्ये, अठ्ठ्याण्णवावं साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्षस्थानी तारा भवाळकर होत्या. बायकांच्या मौखिक परंपरेत बायकांचा स्वतःचा, धारदार आवाज आहे, हे दाखवण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. हेमा राइरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकारातून जमलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर जाते. जात्यावर बसलेल्या बाईनं सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, दैवाबद्दल काय बोलायचं ठेवलं? आपल्यावर ज्याची सत्ता चालते त्याला सत्ताधारी म्हणण्याची धमक आमच्या निरक्षर आज्यांमध्ये होती. छापील साहित्यात आल्यावर आम्ही ‘सखी’ आणली आणि तिच्यावर गुलाबपाणी शिंपडलं.

विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली आलं तेव्हा केवढं वादळ उठलं. शिकलेल्या, बिनलग्नाच्या मुलींच्या मनात काय चालतं हे पहिल्यांदा कोणीतरी उघड बोललं होतं. त्या पुस्तकाचं ऋण मी मान्य करते. पण तिथली घुसमट मुख्यतः लग्न, प्रेम आणि घर यांच्या भोवतीची आहे. त्यानंतरच्या नव्वद वर्षांत बहुतेक मराठी लेखिकांनी हीच दिशा धरली. मैत्रीण येते ती रडायला खांदा म्हणून. त्या खांद्याचं वजन कधी दुसरीच्या मानेवर पडतं का, हे विचारलं जात नाही.

एक मोठा अपवाद आहे आणि तो पुरुषाचा आहे. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आलं. दिग्दर्शन विनय आपटे यांचं होतं, आणि मित्राचं काम राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, म्हणजे आमच्या दिल्लीत शिकलेल्या रोहिणी हट्टंगडी यांनी केलं. मित्रा कॉलेजात आहे, धीट आहे, हुकमी आहे. नाटकात ती पुरुषाची भूमिका करते, नायिका झालेल्या नमावर तिचा जीव जडतो आणि ती नमाला सोडत नाही. नमाची ओढाताण मित्रा आणि मन्या दळवी यांच्यामध्ये होते. शेवटी मित्रा आत्महत्या करते. हे सगळं आपल्याला सांगतो बापू, मित्राचा मित्र.

या नाटकाचं नाव अनुवादकाला घाम फोडणारं आहे. ‘मित्राची’ म्हणजे मित्रा नावाच्या मुलीची, आणि मित्राची म्हणजे दोस्ताचीही. त्यात ‘मित्रा!’ ही मराठीत पुरुष-मित्राला मारायची हाक. तिला कोणीही नावानं हाक मारली की तिचं पुल्लिंग होतं. गौरी रामनारायण यांच्या इंग्रजी अनुवादात ते ‘अ फ्रेंड्स स्टोरी’ झालं. दुसरं काय करणार? इंग्रजीत मुलगी निसटते आणि मित्र उरतो. पण मला वाटतं, मुलगी मराठीतच निसटली होती. आठवण मित्राची आहे, पण ती आठवणारा बापू आहे. जिच्यावर मित्राचं वर्चस्व होतं ती नमा कुठे आहे? मित्रा गेल्यावर नमाच्या रात्री कशा गेल्या? मित्राचा आवाज तिच्या कानात किती वर्षं राहिला? ती सुटली की पोरकी झाली, की दोन्ही? चाळीसहून अधिक वर्षं झाली, आपण मित्रावर बोलतो, बापूच्या हळवेपणावर बोलतो, तेंडुलकरांच्या धाडसावर बोलतो. नमाला गोष्ट असू शकते हे आपल्याला सुचलंच नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. मित्रा ही समाजानं मारलेली मुलगी आहे, तिच्या हुकमीपणावर बोट ठेवणं म्हणजे मारणाऱ्यांच्या बाजूनं बोलणं. १९८१ मध्ये मीही कदाचित हेच म्हटलं असतं. बाईनं बाईवर प्रेम करणं हाच गुन्हा ठरत होता तेव्हा बाकीची चर्चा क्रूर होती. पण दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल आणि मग सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल यांनंतर आपल्याला थोडी मोकळीक मिळाली आहे. मित्राचं प्रेम गुन्हा नव्हतं. नमावर तिनं टाकलेला दाब ही वेगळी गोष्ट आहे. प्रेम आणि दाब या दोन गोष्टी नाटक एकमेकींत इतक्या गुंतवतं की हुकमी मुलगी म्हणजे पुरुषी मुलगी, असा समज घेऊन प्रेक्षक घरी जातो. तो समज खोटा आहे. माझ्या माहितीतल्या सगळ्यांत हुकमी मुलीच्या वेणीला रोज नवी रिबन असायची.

दुसरा आक्षेप स्त्रीवादी मैत्रिणींचा. ‘बाईच बाईची शत्रू’ हे वाक्य आधीच गावभर फिरतंय, तू त्याला आणखी खतपाणी का घालतेस? मी उलट म्हणते. ते वाक्य जिवंत राहतं ते आपण तपशिलात जात नाही म्हणून. सासूच्या सत्तेमागे घर असतं, मुलगा असतो, वारसा असतो. चौदा वर्षांच्या म्होरकीमागे काहीही नसतं. पैसा नाही, कायदा नाही, रीत नाही. ती केवळ दुसरीला काय लागतं हे ओळखते आणि ते देते किंवा काढून घेते. ही सत्ता तिनं कुठून उचलली, इतरींनी का दिली, हे पाहिलं तरच त्या वाक्यातला खोटेपणा उघडा पडेल. मुलींना जन्मजात प्रेमळ ठरवणं आणि जन्मजात मत्सरी ठरवणं, या दोन्हींत मुलगी माणूस म्हणून उरत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जड जातो. वाळीत टाकणं म्हणजे पाणी तोडणं, दुकान बंद करणं, मयताला खांदा न देणं. महाराष्ट्राला त्याविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. तो शब्द डबा खाण्याच्या भांडणाला वापरून आपण त्या हिंसेला हलकं करत नाही का? परिणाम सारखे नाहीत हे मी मान्यच करते. कृतीची घडण मात्र तीच आहे. वरून हुकूम येतो, सगळे मिळून पाळतात, कारण कोणी विचारत नाही. मुलं ही घडण आकाशातून आणत नाहीत. आमच्या या भागात, एका बाजूला हरियाणा आणि दुसऱ्या बाजूला पश्चिम उत्तर प्रदेश, हिंदीत ‘हुक्का-पानी बंद’ म्हणतात, आणि आमच्या शाळेच्या बसमध्ये मुली ते हसत हसत म्हणायच्या. शब्द घरून यायचा. त्यासोबत जे यायचं त्याला आम्ही खेळ म्हणायचो.

परदेशी साहित्यात यावर पुस्तकं आहेत, म्हणून हा विषयच परका, असंही ऐकलं आहे. इस्मत चुगताईंनी ‘टेढी लकीर’मध्ये १९४० च्या दशकातच मुलींच्या वसतिगृहातली ओढ, किळस आणि मत्सर उर्दूत लिहून ठेवला. तो आपल्याच शेजारचा आहे. आणि मार्गारेट ॲटवुडच्या ‘कॅट्स आय’ (१९८८) मधून मला जे मिळालं त्यासाठी टोरांटोला जायची गरज पडली नाही. चित्रकार झालेली इलेन आपल्या प्रदर्शनासाठी त्या शहरात परतते आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरही गर्दीत कॉर्डेलियाला शोधत राहते, जिनं तिचं बालपण नासवलं. मधल्या काळात पारडं फिरलेलं असतं. कॉर्डेलिया ढासळते, इलेनची जीभ धारदार होते, आणि कॉर्डेलिया मदत मागते तेव्हा इलेन देत नाही. एलेना फेरान्तेच्या नेपल्समधली लेनू तर लीला नाहीशी झाली याच रागातून लिहायला बसते. या दोन्ही ठिकाणी आठवण जिनं सोसलं तिच्याकडे आहे. बापूकडे नाही.

मराठीला हे जमत नाही असंही नाही. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये (२००६) निघून गेलेल्या एका भाडेकरूची आठवण भाऊ आणि बहीण स्वतंत्रपणे सांगतात, आणि अनुजाला तिची स्वतःची पानं मिळतात. फक्त तिथे छळणारी आठवण पुरुषाची आहे. मैत्रिणीची आठवण छळते, हे लिहायला अजून कोणी धजत नाही.

हे सगळं मी पुस्तकांतून शिकले असं भासवलं तर तो लबाडपणा होईल.

माझं बालपण रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहतीत गेलं. वडील केंद्र सरकारात. तिथे मुलं एकमेकींना क्वार्टरच्या टाइपवरून ओळखायची : टाइप-दोन, टाइप-तीन, टाइप-चार. आमच्या पाच जणींची म्होरकी टाइप-तीनमधली होती, म्हणजे वडिलांच्या हुद्द्याचाही तिला आधार नव्हता. रिबनवाली तीच. तिचे नियम होते. बुधवारी पांढरी रिबन. बसमध्ये डावीकडची खिडकी तिची. आठवीत असताना तिनं ठरवलं की आमच्यातल्या एकीच्या डब्याला वास येतो. ती मुलगी ओडिशाची, डब्यात कधीमधी मासळी असायची. माझ्या आईच्या डब्यातही सुकट असायची, पण मी ती आणणं बंद केलं होतं. ‘तू सांग तिला,’ असा मला हुकूम झाला. मी सांगितलं नाही. मी फक्त बसमध्ये बॅग बाजूच्या सीटवर ठेवली.

१९९५ च्या उन्हाळ्यात म्होरकीच्या वडिलांची बदली गुवाहाटीला झाली. दिल्लीच्या सरकारी वसाहतीत अशाच मैत्रिणी जातात. मे महिन्यात एक ट्रक येतो, जुलैत शाळा उघडते तेव्हा त्या घरात दुसऱ्याच कोणाची सायकल असते. आम्ही सुटायला हवं होतं. पण पहिला बुधवार आला आणि आम्ही चौघीही पांढऱ्या रिबन बांधून बसमध्ये चढलो. ओडिशाची मुलगीसुद्धा. तिची डावी खिडकी दोन आठवडे रिकामी राहिली, आणि मग एक दिवस मी तिथे बसले. कोणी काही बोललं नाही. त्या वर्षी डब्याच्या वासाचा नियम चालू राहिला. तो कोण चालवत होतं, हे मी स्वतःला अनेक वर्षं विचारलं नाही. मी सगळं तिच्यावर टाकत असे. तिनं आम्हाला असं केलं, असं मी मैत्रिणींना सांगत असे, अगदी एम.ए.च्या वर्गात कॉर्डेलियावर बोलतानासुद्धा.

काही वर्षांपूर्वी प्रगती मैदानावर पुस्तक मेळ्यात ती ओडिशाची मैत्रीण भेटली. मुलीला घेऊन आली होती. आम्ही चहा घेतला. मी मोठ्या समजूतदारपणे म्होरकीचा विषय काढला. तिनं थोडा वेळ आठवून पाहिलं. तिला नावही आठवेना. मग ती म्हणाली, ‘वो तो चली गई थी ना? बाद में तो तू ही थी.’ हे ती अजिबात रागानं म्हणाली नाही. चहाचे पैसेही तिनंच दिले.

म्हणून मला तो शब्द हवा आहे. ‘आमच्यात अबोला होता’ असं मी म्हणू शकते आणि शांत झोपू शकते, कारण त्या वाक्यात मी काही केलेलं नाही. ‘आम्ही तिला वाळीत टाकलं’ या वाक्यात ‘आम्ही’ आहे. म्होरकी गेल्यावरही ते वाक्य मला सोडत नाही. हुकमी मैत्रिणीची आठवण छळते ती फक्त तिच्या भीतीनं नव्हे. तिची जागा रिकामी राहत नाही आणि तिथे कोण बसलं हे आपल्याला माहीत असतं, म्हणूनही ती छळते. मऊ शब्द सोसणारीला तिच्या दुःखाचं नाव देत नाही आणि करणारीला तिच्या कृतीचं. फायदा होतो तो फक्त आम्हा मोठ्यांचा. मुली बऱ्या आहेत असं समजून आम्हाला दिवा मालवता येतो.

संपादकांना मी हे सगळं कळवलं, पुस्तक मेळ्याचा भाग वगळून. आता तोही छापला जातो आहे. ‘अबोला’ खोडून ‘वाळीत’ परत घातलं आहे. त्यांचं उत्तर यायचं आहे. त्यांनी पुन्हा बदललं तर मी पुन्हा बदलीन, आणि तरीही नाहीच जमलं तर अनुवादक म्हणून माझं नाव काढून टाका असं सांगेन.

मराठीत लिहिणाऱ्यांना मात्र एक मागणी आहे. मित्राची गोष्ट आपण ऐकली. आता नमाची कोणीतरी लिहा. ती आज ऐंशीच्या पुढची असेल, किंवा नोएडात नववीत असेल. आणि तिला बिचारी करू नका.